सरांचे साडेसहा

आर्वीकडच्या रोहणा गावच्या शाळेत आम्हाला गणित शिकवणाऱ्या सरांनी अख्ख्या नोकरीत एकाही पोराला दहापैकी साडेसहाच्या वर मार्क दिले नाहीत. दहावीचे पेपर बाहेर तपासले जायचे म्हणून बरं, नाहीतर आमच्या गावातून कुणी इंजिनिअर झालंच नसतं. दर शनिवारी ते दहा मार्कांची चाचणी घेत. पाचही गणितं बरोबर, रीत बरोबर, अक्षर सुंदर, उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा, आणि तरी वहीवर लाल पेनाने साडेसहा. एका हुशार मुलीचे वडील देवळीहून बदलून आलेले क्लार्क होते. ते एकदा तिची वही घेऊन थेट वर्गात शिरले.

"सर, हिचं चुकलं काय ते दाखवा."

सरांनी वही उलटीसुलटी करून पाहिली. "काई नाई चुकलं."

"मग साडेतीन मार्क गेले कुठे?"

"गेले नाई, ठेवले हाय," सर शांतपणे म्हणाले. "आज दहा देऊन टाकले आन् उद्या पोरीनं याच्याहूनई चांगलं सोडवलं, तं मंग काय देऊ? वर जागा तं पाह्यजे न."

क्लार्क वही घेऊन निघून गेले. त्यांना ते पटलं की ते दमले, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मार्क देण्याची ही खोड वर्गापुरती नव्हती. शाळेसमोरच्या टपरीवरच्या चहाला चार. आर्वीच्या एसटीच्या ड्रायव्हरला पाच, कारण तो ब्रेक दाबायच्या आधी विचार करत नाही. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पाटवडीच्या रश्श्याला साडेसहा, आणि तेही लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर. काकू ही गोष्ट आल्यागेल्याला अभिमानाने सांगत. नावं मात्र सरांच्या लक्षात राहत नसत. आम्हाला ते हजेरीच्या नंबरावरून हाक मारत. बाजारात भेटलेल्या, दोन लेकरं कडेवर घेतलेल्या बाईलासुद्धा "काय वं अकरा नंबर, बरी हाय न?" असं विचारत.

दिसायला सर म्हणजे हाडांवर चढवलेला स्वेटर. दसरा झाला की तो स्वेटर अंगावर यायचा आणि होळी पेटल्याशिवाय उतरायचा नाही. वर्गातही डोळ्यांवर रंगीत काचांचा चष्मा, म्हणून पोरं त्यांना मागून हिरो म्हणत. चालताना डावा पाय ओढायचे. त्याचं कारण आठवीला सांगताना बैलाने मारलं, नववीला सांगताना विहिरीत पडलो, आणि दहावीला तुमच्या कामाचं काय. टेबलावर पाण्याची मोठी कॅन असायची. प्रत्येक तासाला घंटा झाली की आधी स्वतः गटागटा पीत आणि मग सगळ्या वर्गाला प्यायला लावत. "पानी पेल्याबिगर भागाकार नाई," हा नियम होता. परिणाम एवढाच व्हायचा, की भागाकार अर्ध्यात आला की निम्मा वर्ग करंगळी वर करून उभा.

आणि सरांची लग्नं. दर दीड-दोन महिन्यांनी सर तीन-चार दिवस गायब व्हायचे आणि आल्यावर सांगायचे, "लग्नाले गेलतो." भर पितृपक्षात गेलतो, संक्रांतीच्या आधी गेलतो. आम्ही मोजलं होतं. मी पाचवी ते दहावी होईपर्यंत सरांच्या घराण्यात अडतीस लग्नं झाली आणि त्यातल्या एकाचाही बुंदीचा लाडू शाळेत आला नाही.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला जन्मापासून सिकलसेल आहे. रक्तातल्या ज्या पेशी गोल असायला हव्यात, त्या माझ्या अंगात विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला, कधीकधी तर काहीच झालं नाही, तरी अडकतात. मग हाडांच्या आतून दुखणं उठतं. ते कसं असतं ते मला सांगता येत नाही, मी नुसती ओरडते. मी ओरडण्यात पहिल्यापासून तरबेज आहे. आई म्हणते, मी जन्मले तेव्हा सुईणीने कानावर हात ठेवला होता. बाहेरून मात्र डोळ्यांच्या पिवळेपणाखेरीज काहीच दिसत नाही. सूज नाही, जखम नाही, रक्त नाही. त्यामुळे माझ्या ओरडण्याकडे लोक नाटकाकडे पाहावं तसं पाहतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईने मला अशीच ओरडत एका मोठ्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही, मला अजून तिथेच जावं लागतं. तिथे कॅज्युअल्टीला लागून सहा खाटांची खोली होती, मध्ये हिरवे पडदे. शिकाऊ डॉक्टर आला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल.

"दहापैकी किती दुखतंय?"

"दहा!"

तो माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघायला लागला. मला वाटलं त्याला कमी ऐकू आलं. म्हणून मी म्हटलं, "पंधरा!" आणि मग सगळ्यात मोठी चूक केली. मी म्हटलं, "मागच्या वेळी मॉर्फिननं थांबलं होतं. तेच द्या."

झालं. शुगरवाल्याला इन्सुलिनचं नाव माहीत असलं तर तो समजदार पेशंट, आणि आम्हाला मॉर्फिनचं नाव माहीत असलं तर आम्ही गर्दुले. तो सिस्टरकडे वळून हळूच म्हणाला, "नाव पाठ आहे बघा. सवय झालेली दिसते." सिस्टरने मला सलाइन लावलं, त्यात पॅरासिटामॉल सोडलं. डॉक्टर पडद्यापलीकडे गेला.

"काका, दहापैकी किती दुखतंय?"

पलीकडून एक आवाज आला, "पाच... लिहा, साडेपाच."

"व्हेरी गुड," डॉक्टर म्हणाला.

तो अर्धा मार्क देण्यापूर्वीचा थांबा मी जगात कुठेही ओळखला असता. मी ओरडणं थांबवलं आणि म्हटलं, "सर?"

"कोन हाय?"

"मी, रोहण्याची. तुमच्या वर्गातली."

"नंबर सांग."

"एकोणतीस."

"हं. तुह्या अपूर्णांकाच्या रेघा वाकड्या राहे."

आईने मधला पडदा सरकवला. सर कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. चष्मा काढून ठेवलेला होता. त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले. हळदीसारखे पिवळे, अगदी माझ्यासारखे. मला एका क्षणात सगळं कळलं, स्वेटर, पाण्याची कॅन, ओढणारा पाय.

"सर, म्हणजे ती लग्नं..."

"आन् तुह्या मामा?" सर दात आवळून म्हणाले. "दर चाचणीले बिमार पडे तो. मेला का वाचला?"

शाळा बुडली की मामाच्या आजाराचं कारण मी सहा वर्षं दिलं होतं. एकाच वर्गात, फळ्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला, आम्ही दोघं एकच आजार लपवत बसलो होतो. मला हसू आलं आणि ते हाडात गेलं. मी पुन्हा ओरडले.

तासभर आम्ही तसेच पडून होतो. मी दहा म्हणत होते म्हणून माझ्यावर विश्वास नव्हता आणि मला औषध नव्हतं. सर साडेपाच म्हणाले होते म्हणून त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता आणि त्यांनाही औषध नव्हतं. सरांच्या कपाळावरचा घाम उशीवर उतरला होता, चादरीची कड त्यांनी मुठीत पिळून धरली होती. मी म्हटलं, "सर, खरं सांगा ना डॉक्टरला. दहा म्हणा."

"आज दहा म्हनून टाकू, आन् उद्या याच्याहून जास्त दुखलं तं?"

मी कपाळाला हात लावला. मग सरांनाच सुचलं. "एकोणतीस, आपला पेपर आपनच तपासाचा, ही पद्धतच चूक हाय. वह्या बदलू."

शाळेत चाचणी झाली की सर म्हणायचे, "वह्या बदला." मग शेजारचा आपली वही तपासायचा. सरांचं म्हणणं असं, की स्वतःची चूक दिसत नाही आणि स्वतःचं बरोबरही दिसत नाही. आता मी त्यांचं दुखणं तपासायचं आणि त्यांनी माझं, आणि डॉक्टर आला की एकमेकांचे मार्क सांगायचे. ही कल्पना मला फार आवडली. सरांनी पिवळे डोळे बारीक करून पाच मिनिटं माझ्याकडे बघितलं. मी आणखी चांगलं ओरडून दाखवलं.

डॉक्टर आला. सर उठून कोपरावर टेकले, घसा साफ केला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, या पोरीचं मी पाह्यलं. साडेसहा."

"सर!" मी किंचाळले. "मेले मी तुमच्या साडेसहानं!"

"याच्यावर मी आजवर कोनाले देल्ले नाई वं!" सर दुखावल्यासारखे म्हणाले. "हेडमास्तरच्या पोरालेई नाई!"

मला हसू आवरेना. दुखत असताना येणारं हसू वाईट असतं, ते सुरू झालं की थांबत नाही. सरही हसायला लागले. हसताहसता कण्हत होतो, कण्हताकण्हता हसत होतो. डॉक्टरने पेन खिशाला लावलं. "दोघं एवढे हसताय, म्हणजे बरंच बरं आहे," म्हणाला आणि निघाला. त्या वेळी मला खरंच रडू आलं. उरलेला दिवस असाच काढायचा या भीतीने आलं.

दारात मॅडम उभ्या होत्या. त्या तिथल्या मोठ्या डॉक्टर, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी सगळं ऐकलं होतं की नाही माहीत नाही, पण त्या सरळ माझ्यापाशी आल्या. "का हसत होतीस?"

मी श्वास घेत घेत सांगितलं. "मॅडम, हे आमचे सर आहेत. यांनी जन्मात कुणाला साडेसहाच्या वर दिले नाहीत. यांचे साडेसहा म्हणजे आपले दहा. मग यांचे साडेपाच म्हणजे किती? त्रैराशिक मांडा. साडेआठ होतात!"

पलीकडून क्षीण आवाज आला. "आठ पूर्णांक सेहेचाळीस शतांश. रीत बरोबर, उत्तर ढोबळ. अर्धा मार्क कापला."

मॅडमनी सरांची नाडी धरली. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, छाती ऐकली, मग माझी ऐकली. शिकाऊ डॉक्टरला त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "या आजाराचं दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. पेशंट सांगतो तेवढं दुखतं. मुलगी औषधाचं नाव सांगते कारण ती वीस वर्षं पेशंट आहे, आणि तू सहा महिने डॉक्टर आहेस. हसण्यावर जाऊ नकोस. जा, कपाट उघडायला सांग."

ते मॉर्फिनचं कपाट म्हणजे डबल कुलपाचं. एक चावी सिस्टरकडे, दुसरी दुसऱ्या कुणाकडे, रजिस्टरवर दोन सह्या. शेवटी दोघांनाही मॉर्फिन मिळालं, थोडं थोडं करून, आणि सिस्टर पुन्हा पुन्हा येऊन आमचे श्वास मोजत बसली, कारण ते औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. लोकांना वाटतं त्याने माणूस हवेत तरंगतो. तसलं काही नाही. नाक खाजतं, तोंड कोरडं पडतं, दोन दिवस पोट साफ होत नाही. पण दुखणं खोलीच्या बाहेर जाऊन उभं राहतं, आणि तेवढंच मला हवं असतं. सरांनी मूठ सोडली. चादरीवर त्यांच्या बोटांच्या चुण्या तशाच राहिल्या होत्या.

त्यानंतर आमची दोस्ती झाली. या आजारावरच्या महिन्याच्या कॅप्सूल न्यायला दोघं एकाच दिवशी यायचो आणि परतीची बस लागेपर्यंत दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये शिकवणी चालायची. ते मला नीट सांगायला शिकवत. "वरडू नोको. आधी सांग, कुठी दुखते, कवापासून, घरी काय घेतलं. दिलेलं काय, काढाचं काय. उदाहरन मांडल्यासारखं." मी त्यांना ओरडायला शिकवत असे. हा विषय त्यांना अजिबात जमायचा नाही.

"सर, म्हणा, आई गं!"

"आई गं," सर धडा वाचल्यासारखे म्हणायचे.

"दोन मार्क. पोटातून काढा."

"लोकं पाहून राह्यले वं," म्हणत सर चहाच्या कपात तोंड घालायचे. एवढा सगळ्या गावाला धाकात ठेवणारा माणूस, पण स्वतःचं दुखतं हे म्हणायची वेळ आली की नवरीसारखा लाजायचा. मला त्यांचा राग यायचा. मी तोंडावर सांगितलंय, "सर, तुम्ही या सभ्यपणानं मराल एक दिवस." ते म्हणाले, "तुह्या वरडण्यानं त्याच्या आधी मी बहिरा होईन."

मॅडमनी मला एक चिठ्ठी लिहून दिली होती. हिला हा आजार आहे, दुखणं उठल्यावर हे औषध एवढं लागतं, उशीर करू नये, खाली सही आणि शिक्का. मी ती प्लास्टिकमध्ये घालून ठेवायची. नंतरच्या हिवाळ्यात मला पुन्हा तिथे न्यावं लागलं, तेव्हा मॅडम रजेवर होत्या आणि कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर होता. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी मांडून सांगितलं. छाती आणि पाठ, सकाळपासून, घरच्या गोळ्या झाल्या, पाणी झालं. चिठ्ठी दिली. त्याने ती उजेडात धरली.

"ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल आणा."

ओरिजिनल रोहण्याला, घरी, ट्रंकेत. आई रडकुंडीला आली. मला ओरडायचं होतं पण छातीत श्वास मावत नव्हता, तोंडातून आवाजच निघेना. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज बसला, आणि तोही नको त्या दिवशी. मला वाटलं, आता हे मला असंच ठेवणार.

समोरच्या बाकड्यावर सर बसले होते. स्वेटर, कानटोपी, मांडीवर पाण्याची बाटली. मला बघून त्यांनी नुसती मान हलवली होती. मी समजले, कॅप्सूल न्यायला आले असतील. ते माझ्याकडे बघत होते, मग डॉक्टरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि अचानक सरांनी बोंब मारली.

कसली बोंब! "आई गं! मेलो वं माय! आरं कोनी पाहा रे मले!" बाटली घरंगळत गेली, सर बाकड्यावरून खाली आले, फरशीवर आडवे झाले आणि पुन्हा ओरडले. ओपीडीच्या रांगेतली माणसं धावली. दोन सिस्टर धावल्या, वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला, नवा डॉक्टर माझा कागद टाकून पळत गेला. चौघांनी मिळून सरांना उचलून माझ्या शेजारच्या खाटेवर ठेवलं.

"काका, काय होतंय? कुठे दुखतंय?"

सरांनी कानटोपी सारखी केली. "माह्यं राहू द्या," ते म्हणाले. "आधी या पोरीले द्या. हिच्यानं वरडनं होऊन नाई राह्यलं, म्हनून मी वरडलो. कागद खरा हाय. मी मास्तर हाय, खोटी सही मले वळखू येते."

सगळी कॅज्युअल्टी बघत होती. डॉक्टर लाल झाला. पण एवढ्या लोकांसमोर कागद परत करणं आता त्याला जमणार नव्हतं. दहा मिनिटांत माझं इंजेक्शन आलं. ग्लानी येत असताना मला शेजारी सिस्टर सरांना झापताना ऐकू येत होती. "या वयात नाटक करता का जी? लाज नाई वाटत?" सर म्हणत होते, "वाटते न बाई." मग सिस्टरचा आवाज एकदम बदलला. ती म्हणाली, "डॉक्टर, इकडे या. यांचा ऑक्सिजन पाहा."

ते नाटक नव्हतं. सर सकाळपासून ताप आणि छातीतली कळ घेऊन त्या बाकड्यावर बसले होते, रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा येईल म्हणत. कुणाला काही बोलले नव्हते. त्यांना आठ दिवस आयसीयूत ठेवावं लागलं. मॅडम नंतर म्हणाल्या की आणखी दोन तास तसेच बसले असते तर कठीण होतं.

जनरल वॉर्डात आणल्यावर मी त्यांना भेटायला गेले. काकू पाय चेपत बसल्या होत्या. मी चिडलेलीच होते. "सर, एवढं दुखत होतं, एवढं मस्त ओरडता येतं तुम्हाला, मग सकाळीच का नाही ओरडलात?"

सर खिडकीकडे बघत म्हणाले, "आपल्यासाठी वरडाची लाज वाटते बा. तुह्यासाठी होतं, म्हनून निंगालं तोंडातून."

मी त्यांना किती वेळा बजावलं, काकूंनाही बजावलं. दुखलं की सांगायचं, सांगता आलं नाही तर मला फोन लावायचा, मी येऊन ओरडेन. सर हो म्हणाले होते. त्यानंतर जवळपास वर्षभर त्यांनी चहाला, एसटीला आणि दवाखान्याच्या नव्या जिन्याला मार्क देत माझं डोकं खाल्लं.

दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी, भर दुपारी, त्यांच्या छातीत पुन्हा तशीच कळ आली. काकूंना म्हणाले, "थोडंसं दुखते. तू जेवून घे, मंग पाहू." काकू जेवल्या, भांडी घासून आल्या, तेव्हा सर खुर्चीत होते आणि सगळं होऊन गेलं होतं. काकू अजून मला विचारतात, एवढा आवाज होता ना गं त्यांना, मग एक हाक का नाही मारली? त्यांना काय सांगू? घरात त्या दिवशी त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, काकू ठणठणीत होत्या, आणि ज्याच्यासाठी सरांना ओरडता आलं असतं असं दुसरं कुणी आजारी नव्हतं.